जुनी डिस्क पंधरा दिवस ठेवायची

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलेली आहे. खरी आहे. पटवून द्यायला मी बसलेली नाही. ज्यांना पटायचं नाही त्यांनी एकदा मामाच्या घरी येऊन जावं.

त्या घरात एकही दार लावत नाहीत.

बेडरूमचं नाही, कपाटाचं नाही. बाथरूमला मामीने शेवटी जाड पडदा लावून घेतला. पाहुणे आले की तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण ती मामाला काही बोलत नाही, आणि मामीने काही न बोलणं म्हणजे काय हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही. बुधवार होता. दुपारचा एक वाजून गेला होता. बाहेर लख्ख ऊन होतं.

मामा कॉम्प्युटर दुरुस्त करतो, लोकांच्या घरी जाऊन. वीस वर्षं झाली. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. कोणी असं काही बोलायला लागलं की म्हणायचा, "माझ्याकडे आलं ना, तर आधी त्यालाच बंद करून चालू करीन." स्वतःच्याच विनोदावर स्वतःच आधी हसायचा.

कामात मात्र एकदम चोख. त्याचा एक नियम होता. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर नेलं की जुनी लगेच टाकायची नाही. गिऱ्हाइकाचं नाव लिहून ड्रॉवरमध्ये पंधरा दिवस ठेवायची. काही मागे राहिलं असलं तर सापडतं. पंधरा दिवसांनी विचारायचं, आणि मग पुसायची.

हा नियम लक्षात ठेवा.

त्या बुधवारी त्याला एका काकूंचा फोन आला. त्यांचे यजमान तीन महिन्यांपूर्वी गेले होते. ते घरी बसून पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायचे, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा लोकांसाठी. आजूबाजूचे सगळे त्यांना आवाजकाका म्हणायचे. बारा वर्षांचं वाचन त्या एका कॉम्प्युटरमध्ये होतं, आणि तो कॉम्प्युटर आता नीट चालूच होत नव्हता. सुरू केला की आतून टकटक यायची.

"भाऊ, मला बाकी काही नको," काकू म्हणाल्या. "ह्यांचा आवाज तेवढा वाचवा."

टकटक म्हणजे जुन्या पद्धतीची डिस्क मरायला टेकली आहे, हे मामाने फोनवरच ओळखलं. त्या डिस्कमध्ये एक तबकडी गरगर फिरत असते आणि तिच्यावरून बारीक सुई सरकत असते. सुई अडखळायला लागली की टकटक येते. नवी एसएसडी वेगळी. तिच्यात फिरणारं, हलणारं काहीच नसतं. ती आवाज करत नाही, कारण आवाज करायला तिच्यात काही नसतंच.

तसं त्याने काकूंना सांगितलंसुद्धा. नवी डिस्क बसली की चिडीचूप.

काकांची खोली घराच्या मधोमध होती. मुळात अडगळीची. खिडकी नाही. काकांनी चारही भिंतींना जाड फोम लावला होता. दार चांगलं चार बोटं जाडीचं, बाहेर उघडणारं, आणि कडेने रबराची पट्टी. आतला आवाज बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. पंखासुद्धा नव्हता, कारण पंख्याची घरघर रेकॉर्ड होते.

दाराच्या वर बाहेरून एक लाल दिवा होता. काकांचं वाचन सुरू झालं की तो लागायचा. दिवा लागलेला असताना दार उघडायचं नाही, हा घरातला कडक कायदा. एकदा काकूंनी भाजी कोणती करू हे विचारायला दार उघडलं, तर काका चार दिवस धुसफुसत होते. एक ते चार वाचन. चारला चहा. बारा वर्षं हेच.

"गेले तेही इथेच," काकू दारातूनच म्हणाल्या. "खुर्चीत. मी बाहेर इस्त्री करत होते. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले. त्यांना कळलंसुद्धा नसेल." मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तेवढंच समाधान."

मामा मान डोलावून आत गेला.

"आणि ते आतलं हँडल जरा जपून हं," काकूंनी मागून सांगितलं. "ढिलं आहे. त्या दिवशी खाली पडलेलं होतं. मीच बसवलं परत."

मामाने ऐकलं. पण त्याचं डोकं डिस्कमध्ये होतं.

त्याने आपली पिशवी दाराला टेकवून दार उघडं ठेवलं. कॉम्प्युटर उघडला. काकांच्या रेकॉर्डिंगच्या पेटीची पिन काढून बाजूला ठेवली, कारण त्याला तो सॉकेट हवा होता. नवी डिस्क जोडली. कॉम्प्युटर स्वतःच्या पेनड्राइव्हवरून चालू केला, म्हणजे काकांचं काहीच सुरू व्हायला नको, नुसती नक्कल करायची.

एरवी मामा जेवढी भरलेली जागा तेवढीच उचलतो. रिकामी जागा कशाला न्यायची? पण त्या दिवशी काकू दारात उभ्या होत्या आणि परत परत एकच म्हणत होत्या. काही मागे राहायला नको.

म्हणून त्याने पूर्ण नक्कल निवडली. भरलेलं, पुसलेलं, रिकामं... सगळं. जसंच्या तसं.

पावणेतीन तास लागतील असं स्क्रीनवर आलं. काकू बाहेर गेल्या.

टक टक टक.

टक टक.

मामाला त्याचं काही वाटलं नाही. तीनदा, मग दोनदा. सुई एकाच जागी अडत असेल.

साधारण वीस मिनिटं झाली असतील. एक केबल सैल वाटली. दुसरी काढायला मामाने हात लांब करून पिशवी जवळ ओढली.

आणि मागे हलकेच फुस्स झालं...

दार बंद झालं होतं.

"गाढव आहेस," मामा स्वतःला म्हणाला. उठला, हँडल धरलं, खाली दाबलं.

हँडल त्याच्या हातात आलं.

पलीकडे काहीतरी खण्णकन पडल्याचं त्याला हाताला जाणवलं. हँडलमधली चौकोनी सळई बाहेरच्या बाजूला निसटून पडली होती. दाराला नुसतं भोक उरलं होतं.

आता मामा काही घाबरट माणूस नाही. पिशवीत चौदा स्क्रू-ड्रायव्हर होते. एकेक घालून पाहिला. भोक झिजून गोल झालं होतं, आत सगळं नुसतंच फिरत होतं. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला. फोन काढला, तर रेंजची एक रेघ नाही. लोकांची यंत्रं उघडून बसणारा माणूस, आणि एका साध्या दाराने त्याला कोंडलं होतं.

त्याने दारावर थाप मारली. हाक मारली. "काकू!"

त्याचा आवाज फोमने तिथल्या तिथे गिळून टाकला. त्याचं त्यालाच ते कसंतरी वाटलं.

जोरात मारली. मुठीने मारली. तीनदा.

टक टक टक.

मामा थांबला. मान वळवून त्याने टेबलाकडे पाहिलं.

योगायोग असेल, तो म्हणाला. परत दारावर मारलं. दोनदा.

टक टक.

मग तो हलला नाही. हात खाली सोडून उभा राहिला, आणि डिस्क आपली आपण वाजत राहिली. तीन. दोन. तीन. दोन. कोणीतरी दमत चाललंय, तरी वाजवतंय...

तेव्हा त्याला काकूंचं बोलणं आठवलं.

हँडल खाली पडलेलं होतं.

मामा मला सांगत होता, "अगं, खुर्चीत बसून गेलेल्या माणसाचं हँडल खाली कसं पडेल? खुर्ची तिकडे, दार इकडे."

त्याने मोबाइलचा उजेड दारावर पाडला. दाराच्या आतल्या बाजूला फोम होता, छातीच्या उंचीवर. तिथे फोम दबलेला होता. जुना. मुठीएवढा. मामाची मूठ बरोबर त्याच जागी पडत होती.

क्षणात गेले नव्हते काका.

मामाच्या अंगाला दरदरून घाम सुटला. हवा कोंदट झाली होती. त्याने घड्याळ पाहिलं, पावणेदोन. काकू चारला चहा आणणार. म्हणजे सव्वादोन तास. काही होत नाही, असं त्याने स्वतःला बजावलं. खुर्चीत बसायचं आणि वाट पाहायची.

पण खुर्ची एकच होती. तो त्या खुर्चीत बसला नाही. जमिनीवर बसला, दाराला पाठ लावून.

टकटक चालूच होती. मध्ये ती हळू झाली. तीनाच्या जागी दोन, दोनाच्या जागी एक. मग बराच वेळ काहीच नाही. आणि त्या शांततेत मामाला कळलं की आवाजापेक्षा हे वाईट आहे. तो मनातल्या मनात म्हणायला लागला, वाजव बाबा, वाजव...

पावणेचारच्या सुमारास नक्कल पूर्ण झाली. स्क्रीनवर शंभर आले. मामाने उठून कॉम्प्युटर बंद केला. जुन्या डिस्कच्या दोन्ही वायरी काढल्या. आता तिच्यात वीज नव्हती. मामाने ती हातात घेतली.

टक टक टक.

तळहातावर जाणवली.

मामाने ती टाकली नाही. का टाकली नाही, हे त्याला अजूनही सांगता येत नाही. तो ती धरून बसून राहिला. "लहान मूल रडायला लागल्यावर खाली कसं ठेवणार?" एवढंच म्हणतो.

चार वाजले. दार उघडलं नाही.

चार वाजून पाच. दहा.

सव्वाचारला बाहेरून किल्ली फिरली आणि दार उघडलं. दारात काकू, हातात चहाचा कप. चहावर साय आली होती.

मामा बाहेर आला आणि भिंत धरून उभा राहिला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, खाली पडलेल्या सळईकडे पाहिलं.

"अहो, मी कधीची उभी आहे बाहेर," काकू म्हणाल्या. "दिवा लागला होता ना. म्हटलं, काहीतरी चालू असेल."

मामाने वर पाहिलं. लाल दिवा विझलेला होता.

तो दिवा रेकॉर्डिंगच्या पेटीवर चालायचा. त्या पेटीची पिन मामाने एक वाजता स्वतःच्या हाताने काढून ठेवली होती. ती तशीच जमिनीवर पडलेली होती.

काकूंनी सळई उचलली. बराच वेळ ती बोटांत फिरवत राहिल्या. मग अगदी हळू विचारलं, "हाका मारल्यात?"

मामाच्या लक्षात आलं, आपण काय उत्तर देतो त्यावर या बाईचं सगळं समाधान टांगलेलं आहे. आतून दार बडवलं तरी बाहेर ऐकू येत नाही, हे तिला कळलं तर पुढचा हिशेब ती स्वतःच करील. त्या दिवशीही ती इथेच होती. बारा पावलांवर. इस्त्री करत.

"किती वेळ अडकला होतात तुम्ही?" काकूंनी विचारलं.

"आत्ताच," मामा म्हणाला. "दोन मिनिटं झाली असतील."



मग नवी डिस्क लावून कॉम्प्युटर सुरू केला. दारात मामाने ती खुर्चीच अडकवून ठेवली होती. मोजून दहा सेकंदांत चालू झाला. चिडीचूप. काकूंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा बरं दिसलं. त्यांना शेवटचं वाचन ऐकायचं होतं, त्याच दिवसाचं. त्या दिवशी आत गेल्यावर काकूंनीच ते रेकॉर्डिंग बटण दाबून थांबवलं होतं, पण नंतर मशीन रुसलं ते रुसलंच. ऐकायचं राहिलं होतं.

फाइल होती. तीन तासांची.

मामाने ती लावली. काकांचा आवाज आला. भरदार, शांत. एका बोटीबद्दल काहीतरी वाचत होते. काकूंनी डोळे मिटले आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळायला लागलं. तीन-चार मिनिटं झाली. काका खोकले. पुस्तक ठेवल्याचा आवाज. खुर्ची सरकल्याचा आवाज...

मामाने थांबवलं.

"पुढे रिकामं आहे, काकू," तो म्हणाला. "वाचून झालं, बंद करायचं राहिलं असेल. पुढे काही नाही."

दोनदा खोटं बोलून मामा त्या घरातून निघाला. जुनी डिस्क नियमाप्रमाणे पिशवीत होती. घरी आल्यावर त्याने तिच्यावर चिठ्ठी लावली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. ड्रॉवर लावला.

त्या रात्री मामी उठून बाहेर आली. म्हणाली, दार कोण वाजवतंय बघा. मामा म्हणाला, कोणी नाही. मग त्याने जाऊन ड्रॉवर उघडा केला. आवाज थांबला.

नवव्या दिवशी काकूंचा फोन आला.

"नवी डिस्क आवाज करत नाही म्हणाला होतात," त्या म्हणाल्या.



"करत होती," काकू म्हणाल्या. "दुपारी एक ते चार. बंद असली तरी. म्हणून मी ती फाइल लावली. शेवटपर्यंत ऐकली." त्यांचा आवाज अगदी कोरडा होता. "चाळीस मिनिटं वाजवत होते, भाऊ. मला हाका मारत होते. मी त्यांचाच सदरा इस्त्री करत होते."



"तुम्ही खोटं बोललात ते बरंच केलंत. चार दिवस तरी झोपले मी. आता सुताराला बोलावून ते दारच काढून टाकलं. चौकटीसकट. तेव्हापासून गप्प आहे." मग म्हणाल्या, "सुटले बाई एकदाचे. आणि ती जुनी डिस्क?"

मामाने ड्रॉवरकडे पाहिलं.

"फेकली, काकू," तो म्हणाला. हे तिसरं.

दुसरं काय सांगणार होता? नक्कल म्हणजे काय, हे त्या बाईला कसं सांगायचं? नक्कल म्हणजे एकाचे दोन. तिथला सुटला. तिच्या घरातलं दार तिने काढलं. पण इथला? त्याचं दार कुठे आहे? डिस्क उघडावी तर ती तिथेच मरते. पुसावी तर... मामाचे हात तिथेच थांबतात. परत द्यावी तर त्या बाईने किती वेळा ऐकायचं?

पंधरा दिवस कधीच उलटून गेले. ड्रॉवर कायम उघडा असतो, आणि मागून मामाने लाकडाची खुंटी ठोकलीये. घरातली दारं लावणंही त्याने नंतर एकेक करून सोडून दिलं. खात्री म्हणून, असं म्हणतो. ड्रॉवर उघडा असला की आवाज येत नाही.

हे सगळं त्याने मला गेल्या महिन्यात सांगितलं. का सांगितलं, तेही लिहिते.

मी कामानिमित्त त्यांच्याकडे राहायला गेले होते. मला यातलं काही माहीत नव्हतं. मामा सकाळीच कामाला गेलेला, मामी बहिणीकडे. मी त्याच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसले. ड्रॉवर सारखा गुडघ्याला लागत होता. दोनदा ढकलला, जाईना. मागे हात घालून पाहिलं तर खुंटी. म्हटलं, मामाचा काहीतरी अर्धवट उद्योग. खुंटी काढली आणि ड्रॉवर लावून टाकला. मग जेवले, आणि कानात हेडफोन घालून कामाला बसले. गाणी चालू होती.

मामा आला तेव्हा मी हेडफोन काढले.

टक टक.

बराच वेळ काही नाही.

टक.

मामा चपलांसकट धावत आत आला. त्याने ड्रॉवर ओढून उघडला, आणि मामाचा तसा चेहरा मी कधीही पाहिला नव्हता. ती डिस्क त्याने दोन्ही हातांत घेतली आणि कानाशी धरली. कितीतरी वेळ. काहीच आवाज नव्हता.

मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "किती वेळ बंद होता?"

मी ड्रॉवर लावला तेव्हा एक वाजला होता. मला नीट आठवतंय, कारण लावला आणि मग जेवायला उठले. आता समोरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते.

"आत्ताच," मी म्हणाले. "दोन मिनिटं झाली असतील."